तेलविहिरीवरचा विषारी वायू आणि ‘मानवी चुकी’चे थोतांड



गेल्या महिन्यात आमच्या शाखेची सभा झाली. तेलक्षेत्रातील कामगारांच्या सुरक्षेच्या मागणीला पाठिंबा देणारा ठराव मी मांडला. ठराव वाचून होताच मागच्या बाकावरून एक जुना सहकारी उठला आणि म्हणाला, “सेक्रेटरीसाहेब, तेलवाल्यांना पगार आपल्याहून भारी. त्यांना हेलिकॉप्टरने कामावर नेतात. आपला गँगमन रुळावर कापला जातो तेव्हा ते येतात का ठराव करायला? मग त्यांच्या गॅसची उठाठेव आपण कशाला करायची?” सभेत हशा पिकला. काहींनी टाळ्याही वाजवल्या. ठराव मंजूर झाला, पण जेमतेम. त्या सहकाऱ्याला मला त्या वेळी पुरते उत्तर देता आले नाही. ते आज येथे देत आहे. रेल्वे आणि टपाल खात्यातील माझ्या सर्व मराठी बांधवांनी ते शांतपणे वाचावे.

प्रथम हा वायू कोणता ते पाहू. त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. तेलक्षेत्रात त्याला एच-टू-एस म्हणतात. जमिनीच्या पोटातून तेल व नैसर्गिक वायू वर येतो तेव्हा अनेक ठिकाणी हा त्याच्यासोबत येतो. असा वायू ज्यात आहे त्या गॅसला तेलवाले ‘आंबट’ गॅस म्हणतात आणि तो काढून टाकला की गॅस ‘गोड’ झाला म्हणतात. आपल्या वसईचे नाव ज्या समुद्री क्षेत्राला दिले आहे, त्या बेसीन क्षेत्राचा गॅस आंबट आहे. तो नळाने गुजरातमधील हजिरा येथे नेऊन गोड करावा लागतो. शिवाय क्षेत्र जुने झाले की तेल वर ढकलण्यासाठी आत पाणी सोडतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते, त्यावर जगणारे जिवाणू हाच वायू तयार करतात. म्हणजे काल गोड असलेली विहीर उद्या आंबट होऊ शकते. “आमच्याकडे हा प्रश्नच नाही” असे कोणी साहेब म्हणाला तर त्याला तपासणीचा ताजा कागद दाखवायला सांगावे.

या वायूला सडक्या अंड्यासारखा घाण वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भाग असेल तर त्याला एक पीपीएम म्हणतात. तेवढ्यानेही वास येतो. पण खरी दगाबाजी पुढे आहे. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. माणसाला वाटते, वास गेला म्हणजे गॅस गेला. प्रत्यक्षात गॅस वाढलेला असतो. ५०० च्या पुढे माणूस कोसळतो. ७०० ते १००० च्या घरात एक-दोन श्वासांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत प्राण जातो. हा वायू हवेपेक्षा जड आहे. म्हणून तो विहिरीच्या तोंडाजवळच्या खड्ड्यात, पंपघरात, टाकीच्या तळाशी आणि वारा पडलेल्या रात्री सखल भागात साचून राहतो. वर तो पेटही घेतो. थोडक्यात, सिग्नल लाल असताना डोळ्याला हिरवा दिसावा, असा हा शत्रू आहे. नाकावर भरवसा ठेवून त्याच्याशी लढता येत नाही. यंत्रच पाहिजे.

आता कोणी म्हणेल की हे सारे दूरच्या तेलविहिरीवरचे. तसे नाही. आपल्या शहरांतील गटारांत, मैल्याच्या टाक्यांत जो वायू सफाई कामगारांना मारतो, तो हाच. मी नोकरीला लागून तीन-चार वर्षे झाली होती. आमच्या वसाहतीजवळ एका कंत्राटदाराने मैल्याची टाकी उपसायला दोन पोरे आणली होती. एक आत उतरला आणि आवाज न करता खाली बसला. त्याला चक्कर आली समजून दुसरा उतरला. तोही तसाच बसला. आमच्यातला एक खलाशी सदरा काढून उतरायला निघाला, त्याला आम्ही चौघांनी धरून ठेवले. त्याने आम्हाला शिव्या दिल्या. आज तो निवृत्त झाला आहे, नातवंडांत आहे. ती दोन पोरे वीस-बावीस वर्षांची होती. कंत्राटदार पोलिसांना म्हणाला, “मी उतरू नका म्हणालो होतो.” टाकी उपसायला आणलेल्या माणसांना म्हणे उतरू नका म्हणालो होतो!

हे एक वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. रुळावर माणूस गेला की “त्याने गाडीकडे लक्ष दिले नाही”. ओव्हरहेड वायरवर गेला की “त्याने परमिट घेतले नाही”. तेलविहिरीवर गेला की “त्याने यंत्र लावले नाही”. या साऱ्याला चौकशी अहवालात एक गोंडस नाव असते : मानवी चूक. माझे म्हणणे असे की, विषारी वायूच्या बाबतीत मानवी चूक हे बहुतेक वेळा थोतांड आहे. मेलेला माणूस उलट उत्तर देऊ शकत नाही, म्हणून ते खपते.

उदाहरण घ्या. २६ ऑक्टोबर २०१९. अमेरिकेतील टेक्सास राज्य, ओडेसा शहर. शनिवारची संध्याकाळ. तेथे एका तेल कंपनीच्या ठाण्यावर विहिरीत पाणी सोडणाऱ्या पंपाचा बिघाड झाल्याची सूचना एका कामगाराला मिळाली. तो एकटाच गेला. पंपातून हा वायू मिसळलेले पाणी गळत होते आणि पंपघरात वायू कोंडला होता. तो तेथेच पडला. बराच वेळ घरी येईना, फोन उचलेना, म्हणून त्याची बायको दोन मुलांना गाडीत घालून शोधायला गेली. ती आत गेली आणि तीही मेली. मुले गाडीत होती, ती वाचली.

आता साहेबांचा नेहमीचा प्रश्न : “त्याने वायुसूचक यंत्र लावले होते का?” नव्हते लावले. झाले, मानवी चूक! पण अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने तेवढ्यावर फाईल बंद केली नाही. २०२१ च्या अहवालात त्यांनी एकेक गोष्ट मांडली. कामगारांनी ते यंत्र वापरलेच पाहिजे अशी सक्ती कंपनी करीत होती याचा पुरावा मिळाला नाही. ठाण्यावरची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा चालत नव्हती. पंपाची वीज तोडून, कुलूप लावून मगच काम, ही पद्धत पाळली गेली नव्हती. पंपघर असे होते की वायू आतच कोंडावा. बाहेरच्या माणसाला आत येण्यापासून रोखणारी व्यवस्था अपुरी होती. आणि या सगळ्याचा एकत्र विचार करणारा सुरक्षेचा कार्यक्रमच कंपनीकडे नव्हता. आता सांगा, यात त्या माणसाची चूक किती आणि कंपनीची किती? रेल्वेतला आपला टीआरडीचा लाईनमन पॉवर ब्लॉक आणि परमिट हातात पडल्याशिवाय, डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावत नाही. तो फार शहाणा आहे म्हणून नव्हे, तर तसा नियम आहे आणि तो पाळायला माणसे व साहित्य दिलेले आहे म्हणून. जेथे ते दिले जात नाही तेथे आपलाही माणूस मरतो. शहाणपण माणसाच्या डोक्यात एकटे राहत नाही, ते व्यवस्थेत बांधावे लागते.

आणि हे ज्ञान काही २०१९ साली आभाळातून पडले नाही. त्याच टेक्सासमध्ये २ फेब्रुवारी १९७५ रोजी डेन्व्हर सिटी या गावाजवळ एका विहिरीतून हा वायू सुटून नऊ माणसे मेली. त्यानंतर तेथे या वायूसाठी खास नियम करण्यात आला, तो ‘नियम ३६’ म्हणून ओळखला जातो. धोक्याचे फलक लावा, वायू किती दूर पोचेल याचे माप काढा, आसपासच्या लोकांसाठी आधीच योजना तयार ठेवा, असे त्यात आहे. गंमत अशी की हा नियम करणाऱ्या संस्थेचे नाव टेक्सासचे रेल्वे आयोग! १८९१ साली रेल्वेच्या कारभारावर लक्ष ठेवायला ती स्थापन झाली, पुढे तेल तिच्याकडे आले आणि नाव तेच राहिले. म्हणजे तेलविहिरीच्या वायूचा आणि रेल्वेचा संबंध काय असे विचारणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला हे एक छोटे उत्तर. मोठे उत्तर पुढे आहे.

२३ डिसेंबर २००३ ची रात्र. चीनमधील चोंगछिंग भागातील काय परगणा. गॅसची विहीर खोदताना ती उसळली. खोदकामाच्या नळातून गॅस उलटा वर येऊ नये म्हणून जी झडप असते, ती काढून टाकलेली होती. नळ बाहेर काढताना विहिरीत चिखलाचे द्रावण पुरेसे फिरवले गेले नाही. विषारी वायू सुटला. अशा वेळी सुटलेल्या वायूला आग लावून जाळून टाकणे हा एक उपाय असतो, पण तो निर्णय घ्यायला कितीतरी तास गेले. तोवर वायू डोंगरदरीतल्या गावांत उतरला. २४३ माणसे मेली. त्यात बहुतेक शेतकरी, त्यांची म्हातारी माणसे, त्यांची मुले. हजारो लोकांना घरे सोडून पळावे लागले. पुढे सहा जणांना तुरुंगवास झाला आणि राष्ट्रीय तेल कंपनीचे प्रमुख मा फूत्साय यांना एप्रिल २००४ मध्ये पद सोडावे लागले. एक झडप. ती जागेवर असती तर?

आता आपल्या घरी या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली भोपाळची रात्र कोणता रेल्वे कामगार विसरेल? तेथील वायू वेगळा होता, कारखाना वेगळा होता. पण कथा तीच. टाकी थंड ठेवणारे यंत्र बंद केलेले, वायू धुणारा मनोरा सज्ज नाही, वायू जाळणारी मशाल दुरुस्तीसाठी तोडलेली. आणि त्या विषाच्या वाटेत आपले रेल्वे स्टेशन. स्टेशन सुपरिटेंडेंट हरीश धुर्वे ड्यूटीवर गेले. डेप्युटी स्टेशन सुपरिटेंडेंट गुलाम दस्तगीर यांनी गोरखपूरहून मुंबईकडे निघालेली भरलेली एक्स्प्रेस वेळेची वाट न पाहता पुढे सोडली, आजूबाजूच्या स्टेशनांना गाड्या थांबवायला कळवले आणि स्वतः जन्मभराचे दुखणे घेतले. किती प्रवाशांचे प्राण त्यांनी वाचवले याची मोजदाद नाही. कारखान्याच्या आत काय शिजते आहे हे त्या स्टेशनवरच्या एकाही माणसाला कोणी सांगितले नव्हते. आणि शिक्षा? ७ जून २०१० रोजी, म्हणजे २५ वर्षांनी, सात जणांना दोन वर्षांची कैद सुनावली आणि त्याच दिवशी जामीन दिला.

म्हणून माझ्या सहकाऱ्याला माझे पहिले उत्तर असे. विषारी वायू पगाराची स्लिप पाहत नाही. तो कुंपण पाहत नाही. तो कारखान्यातून निघतो आणि स्टेशनवर येतो, विहिरीवरून निघतो आणि पोस्टमन ज्या गावात पत्र टाकतो त्या गावात शिरतो.

दुसरे उत्तर. हेलिकॉप्टरने जाणारा मोठ्या पगाराचा माणूस आपल्याला दिसतो. पण विहिरीवर, टाकीवर, पाइपलाइनवर अंगमेहनतीचे काम मोठ्या प्रमाणात कंत्राटी कामगार करतात. रंगारी, वेल्डर, मदतनीस, टाकी साफ करणारा. त्याला आज या ठिकाणी, उद्या त्या ठिकाणी नेतात. त्याला फलकावरची भाषा वाचता येत नाही. आसामातील बागजान येथे २७ मे २०२० रोजी सरकारी कंपनीची विहीर उसळली, जूनमध्ये पेटली, दोन अग्निशामक कर्मचारी मेले आणि आग आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. तेथेही विहिरीवरच्या रिगचे काम कंत्राटावर दिलेले होते. टपाल खात्यातील बंधूंनो, ग्रामीण डाक सेवक खात्याचेच काम करतो पण खात्याचा पुरा नोकर नव्हे, हे दुखणे तुम्हाला मी सांगायला नको. रेल्वेतही कंत्राटी माणूस रुळावर उभा आहेच. तेलक्षेत्रातला कंत्राटी कामगार आपलाच भाऊ आहे. फरक एवढाच की त्याच्या एका श्वासाचा भरवसा नाही.

कायदा काय म्हणतो? खनिज तेलाच्या कामासाठी १९८४ चे नियम होते, २०१७ साली नवे आले. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा, जिवावरच्या धोक्याची सूचना देण्याचा आणि सुरक्षा समितीत बसण्याचा हक्क मिळाला. तो हक्क भोपाळच्या मृतांनी आपल्याला मिळवून दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. सुरक्षेच्या संहितेत जुने १३ कायदे गुंडाळले आहेत. तीत खाणीसाठी सुरक्षा समितीची अट १०० कामगारांपासून पुढे, आणि कंत्राटी कामगारांची कलमे ५० माणसांपासून पुढे. पूर्वी कंत्राटी कामगार कायद्यात हा आकडा २० होता. आता मला सांगा, तेलाची टाकी साफ करायला कंत्राटदार किती माणसे आणतो? पाच? दहा? ४९ माणसांचा कंत्राटदार कलमातून सुटला, पण वायूतून त्याचा माणूस सुटेल का? एच-टू-एस डोकी मोजून मारीत नाही.

तिसरी गोष्ट तपासनिसाची. आपल्या रेल्वेत अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत. १९४१ साली त्यांना रेल्वे बोर्डापासून वेगळे केले आणि आज ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहेत. का? कारण गाडी चालवणाऱ्यानेच स्वतःची चौकशी करू नये. त्यांच्याबद्दलही आपल्या तक्रारी आहेत, पण तत्त्व बरोबर आहे. तेलाचे काय? जमिनीवरच्या विहिरी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालकांकडे आहेत, ते ठीक. पण समुद्रातील कामासाठी २००८ च्या नियमांनी जबाबदारी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे दिली, आणि ते संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाचेच. सरकारी तेल कंपन्याही त्याच मंत्रालयाच्या. तेथे काम करणारी माणसे प्रामाणिक नाहीत असे मी म्हणत नाही. पण वाड्याच्या पहारेकऱ्याने वाडा मालकालाच जाब विचारावा, ही अपेक्षा किती दिवस करायची?

उपाय नवे शोधायचे नाहीत. ते सर्वांना ठाऊक आहेत. आपल्या मागण्या अशा :

१. कायम असो वा कंत्राटी, आंबट वायूच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर स्वतःचे वायुसूचक यंत्र असावे. ते एका चांगल्या मोबाईलच्या किमतीत येते. पाळी सुरू होण्यापूर्वी ते तपासून द्यावे. यंत्र नाही तर काम नाही.

२. एकट्याने काम नाही. दुसरा माणूस वाऱ्याच्या वरच्या बाजूला, नजरेच्या टप्प्यात उभा असावा.

३. पाठीवर हवेचे नळकांडे असलेला श्वसनसंच जवळ असावा आणि तो घालण्याचा सराव व्हावा. ओला रुमाल किंवा धुळीचा मास्क यापुढे कुचकामी आहे. अमेरिकेच्या ‘नायोश’ संस्थेने १९८६ सालीच सांगितले होते की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला गेलेली असतात. मित्र पडला तर धावत जाऊ नका, आधी संच चढवा, हे शिकवलेच पाहिजे.

४. वायूची मर्यादा आजच्या ज्ञानाप्रमाणे ठरवावी. कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांसाठी १० पीपीएम होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली ती १ पीपीएमवर आणली.

५. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, पळण्याच्या वाटा, शिक्षण आणि फलक कामगाराच्या भाषेत असावेत : मराठी, गुजराती, हिंदी, आसामी, ओडिया. वाऱ्याला आडवे होऊन उंच जागी जायचे, खाली उतरायचे नाही, हे शेवटच्या मदतनिसालाही पाठ असावे.

६. धोका दिसताच काम थांबवून बाहेर पडण्याचा हक्क, आणि तसे केल्याबद्दल कोणाचीही रोजी जाणार नाही याची लेखी हमी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात हा हक्क आहे.

७. कामगारांची संख्या कितीही असो, कंत्राटी कामगारांच्या प्रतिनिधीसह सुरक्षा समिती. आणि समुद्रातील कामासाठी पेट्रोलियम मंत्रालयाबाहेरचा तपासनीस.

८. विहिरीजवळच्या गावांना, स्टेशनांना आणि टपाल कार्यालयांना आधीच माहिती व सराव. पुन्हा कोणा स्टेशन मास्तरला अंधारात विषाशी झुंजावे लागू नये.

यातील एकही मागणी चंद्रावरची नाही. प्रत्येकीसाठी कोणी ना कोणी आधीच मेलेला आहे.

शेवटी पुन्हा माझ्या त्या सहकाऱ्याकडे येतो. दादा, तू विचारलेस की आपला गँगमन मरतो तेव्हा ते येतात का. प्रश्न खरा आहे, आणि त्याची लाज त्यांनाही वाटली पाहिजे आणि आपल्यालाही. पण त्याचे उत्तर आपण न जाणे हे नाही. त्या दिवशी टाकीत उतरणाऱ्या खलाशाला चौघांनी धरले म्हणून तो वाचला. टाकीतल्या दोन पोरांना धरायला कोणी नव्हते. संघटना म्हणजे दुसरे काय? धरायला चार हात. पुढच्या सभेत ठराव पुन्हा मांडणार आहे. या वेळी तुझा हात वर पाहिजे. प्रत्येक शाखेने असा ठराव करून महासंघाच्या कार्यालयाकडे पाठवावा, ही नम्र विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!